टाटा इन्स्टिट्यूटचे दार

बंगळुरूत यशवंतपूर स्टेशनावर उतरून ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स’ असे पूर्ण नाव सांगितले, तर एखादा जुना रिक्षावाला अजूनही ‘टाटा इन्स्टिट्यूट का?’ असे विचारून खात्री करून घेतो. गावाने दिलेले हे नाव संस्थेइतकेच जुने आहे आणि ते सार्थही आहे. आवारात शिरल्यावर झाडीतून करड्या ग्रॅनाइटची मुख्य इमारत दिसू लागते आणि तिच्यापुढे जमशेटजी टाटांचा पुतळा उभा असतो. या इमारतीचा आराखडा मुंबईच्या सी. एफ. स्टीव्हन्स यांच्या कंपनीने केला होता. जमशेटजींनी संस्थेसाठी सुमारे ३० लाख रुपयांची मालमत्ता काढून ठेवली, तीही मुंबईतल्या इमारतींचीच होती. म्हैसूर संस्थानाची जमीन, मुंबईच्या घरांचे भाडे आणि हिंदुस्थान सरकारचे अनुदान या तिन्हींवर मिळून ही संस्था उभी राहिली. मराठी वाचकाला ती दूरच्या गावची वाटण्याचे म्हणूनच काही कारण नाही.

विज्ञान संशोधनाच्या भारतीय विद्यापीठांत या संस्थेचे स्थान अग्रभागी आहे, याबद्दल फारसा मतभेद नाही. मतभेद आहे तो ती तिथवर कशी पोहोचली याबद्दल, आणि तो केवळ इतिहासाचा प्रश्न नाही. उच्च शिक्षणाविषयी धोरण ठरवणाऱ्या मंडळींत एक समज खोल रुजलेला आहे. गुणवत्ता जपायची तर दार अरुंद ठेवावे, थोडी निवडक माणसे घ्यावीत, त्यांना उत्तम साधने द्यावीत आणि बाकीच्या गर्दीपासून त्यांना लांब राखावे, असा तो समज आहे. त्याच्या समर्थनार्थ नेहमी बंगळुरूचेच उदाहरण दिले जाते. मी जेव्हा जेव्हा या संस्थेचा इतिहास वाचला, तेव्हा मला त्यात नेमके उलटे दिसले. ज्याच्यासाठी आधी जागाच आखलेली नव्हती अशा माणसाला किंवा अशा प्रश्नाला संस्थेने आत घेतले, तेव्हा तेव्हा ती मोठी झाली. ज्या वेळी तिने दार लावले, त्या वेळी नुकसान तिचेच झाले.

दाराचा हा प्रश्न संस्थेच्या जन्माआधीपासूनचा आहे. नोव्हेंबर १८९८ मध्ये जमशेटजींनी स्वामी विवेकानंदांना या योजनेबद्दल पत्र लिहिले आणि त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी, मुंबईत नुकतेच उतरलेले नवे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्यापुढे एका शिष्टमंडळाने योजना मांडली. जमशेटजींचे सहकारी बर्जोरजी पादशहा यांनी युरोप-अमेरिकेतल्या विद्यापीठांचा अभ्यास करून तिचा मसुदा तयार केला होता. कर्झन यांनी दोन शंका काढल्या. एवढे उच्च शिक्षण घेण्यास लायक विद्यार्थी या देशात मिळतील का, आणि मिळाले तर शिकल्यावर त्यांना काम कोण देणार? शंका तशा व्यवहारी होत्या, पण त्यांच्या मुळाशी एक गृहीत होते. आधी माणसे तयार असावीत आणि मगच त्यांच्यासाठी संस्था काढावी, असे ते गृहीत आहे. जमशेटजींचा विचार याच्या बरोबर विरुद्ध होता. संस्था असेल तर माणसे तयार होतील, असे ते धरून चालले होते.

पुढची काही वर्षे कागदपत्रांत गेली. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्झे यांनी देशभर फिरून बंगळुरूची शिफारस केली, मग त्या शिफारशीची पुन्हा छाननी झाली आणि या साऱ्यात १९०४ मध्ये जमशेटजी वारले. म्हैसूर दरबाराने ३७१ एकर जमीन दिली. २७ मे १९०९ रोजी संस्था कायद्याने अस्तित्वात आली आणि १९११ मध्ये पहिले विद्यार्थी दाखल झाले. कर्झन यांच्या पहिल्या शंकेचे उत्तर तेव्हाच मिळाले, कारण विद्यार्थी आले. त्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत नारायणराव आणि माधवराव भागवत हे दोन मराठी भाऊ रसायनशास्त्र शिकत होते.

नारायणरावांची मुलगी कमला १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी. एस्‌सी. परीक्षा उत्तम गुणांनी पहिली येऊन उत्तीर्ण झाली आणि वडील-काका जिथे शिकले तिथेच संशोधन करायचे ठरवून तिने अर्ज पाठवला. तो नाकारण्यात आला. कारण गुणांचे नव्हते, ती मुलगी होती एवढेच कारण होते. नाकारणारे संचालक कोणी सामान्य प्रशासक नव्हते. तीन वर्षांपूर्वी नोबेल पारितोषिक मिळवलेले आणि या संस्थेचे पहिले भारतीय संचालक झालेले चंद्रशेखर वेंकट रामन हे ते संचालक. मुलगी मुंबईहून बंगळुरूला गेली, रामन यांच्यासमोर उभी राहिली आणि सत्याग्रहाची तयारी दाखवून प्रवेश मिळेपर्यंत हटली नाही. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिले वर्ष तिला नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते, मार्गदर्शक सांगतील त्या वेळी, रात्री-अपरात्रीही काम करावे लागणार होते आणि तिच्या असण्याने पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये, अशीही एक अट होती. ही शेवटची अट मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा मला अतिशय वाईट वाटते. ज्या माणसाने स्वतः गोऱ्या साहेबांच्या संशयाला आपल्या कामाने उत्तर दिले होते, त्यानेच तो संशय एका एकवीस-बावीस वर्षांच्या मुलीवर लादला.

कमलाबाईंनी श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध आणि कडधान्ये यांतल्या प्रथिनांवर काम केले. वर्ष संपले तेव्हा रामन यांचे समाधान झाले होते आणि त्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. कमलाबाई पुढे केंब्रिजला गेल्या. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही ‘सायटोक्रोम सी’ हे पेशीच्या श्वसनात भाग घेणारे प्रथिन असते हे त्यांनी दाखवले आणि १९३९ मध्ये तिथली डॉक्टरेट मिळवून त्या परतल्या. कमला सोहोनी या नावाने त्यांनी मुंबईच्या विज्ञान संस्थेत जे काम केले, ते नीरा, कडधान्ये, तांदळाचे पीठ, गूळ अशा गरिबांच्या ताटातल्या पदार्थांवरचे होते आणि त्याच संस्थेच्या त्या पुढे संचालक झाल्या. रामन यांनी त्या दिवशी आपला नकार मागे घेतला नसता, तर हे सारे झालेच नसते, हे आपण एरवी सोयीस्करपणे विसरतो. लायक व्यक्ती कशीही वर येतेच, असे म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे. कमलाबाई वर आल्या, कारण त्यांच्या घरात दोन रसायनशास्त्रज्ञ होते, मुंबई-बंगळुरूचा प्रवास परवडत होता आणि त्यांचा स्वभाव हट्टी होता. ज्यांच्याकडे यांतले काहीच नव्हते त्या किती मुली त्या दाराशीही पोहोचल्या नाहीत, याची नोंद कुठेच सापडणार नाही.

रामन यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून त्याच काळातली दुसरी गोष्ट सांगायला हवी. हिटलरच्या राजवटीने जर्मनीतून घालवलेल्या शास्त्रज्ञांना बंगळुरूत आणावे अशी रामन यांची मनापासून इच्छा होती. गटिंगेनचे माक्स बोर्न, ज्यांच्या भोवती पुंजयांत्रिकीची (क्वांटम मेकॅनिक्सची) एक पिढी घडली, ते १९३५-३६ मध्ये सुमारे सहा महिने इथे राहिले आणि त्यांना कायमचे प्राध्यापकपद द्यावे असा रामन यांचा प्रयत्न होता. सभेत एका इंग्रज प्राध्यापकाने उठून बोर्न यांच्या तोंडावर त्यांची किंमत कमी केली, स्वतःच्या देशातून हाकललेला दुय्यम परदेशी माणूस आम्हाला नको अशा अर्थाचे बोलला आणि तो विषय संपला. बोर्न एडिंबरोला गेले. १९५४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. रामन यांनाही १९३७ मध्ये संचालकपद सोडावे लागले, जरी प्राध्यापक म्हणून ते तिथेच राहिले. बोर्न यांच्यासारखा माणूस दहा वर्षे बंगळुरूत राहिला असता तर भारतातल्या सैद्धांतिक भौतिकशास्त्राला कोणते वळण मिळाले असते, याचा विचार करताना आजही हळहळ वाटते.

युद्धाच्या काळात मात्र हीच संस्था उदार झाली, कदाचित परिस्थितीने तिला उदार केले. सुटीसाठी मायदेशी आलेले होमी भाभा १९३९ मध्ये युद्ध भडकल्याने परत जाऊ शकले नाहीत, तेव्हा त्यांना इथे जागा मिळाली. केंब्रिजहून परतलेले तरुण विक्रम साराभाई इथेच अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांवर काम करू लागले. वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या मदतीने १९४० मध्ये बंगळुरूत विमानांचा कारखाना काढला होता आणि त्याला जाणकार माणसांची गरज होती, म्हणून १९४२ च्या अखेरीस संस्थेत वैमानिकी अभियांत्रिकीचा विभाग उघडला गेला. तो उभारण्याची जबाबदारी कोल्हापूर भागातून आलेल्या आणि गटिंगेनला वायुगतिकीचे अभ्यासक प्रान्टल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केलेल्या विष्णु माधव घाटगे यांच्याकडे आली. पुढे याच घाटगे यांनी आरेखित केलेले ‘एचटी-२’ हे प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये आकाशात झेपावले. यांपैकी एकही गोष्ट संस्थेच्या मूळ आराखड्यात नव्हती.

याच आवारात १ जून १९४५ रोजी भाभांची टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ती मुंबईला पेडर रोडवरच्या एका बंगल्यात आली. स्वातंत्र्यानंतर देशाने हाच रस्ता धरला. संशोधन राष्ट्रीय प्रयोगशाळांत आणि खास संस्थांत चालायचे, शिकवणे विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत चालायचे. विद्यापीठे वगळून संशोधन वाढवू नये असे खगोलभौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा कळकळीने सांगत होते, पण त्यांचे फारसे कोणी ऐकले नाही. भाभांच्या बाजूनेही काही म्हणता येते. नव्या देशाकडे पैसा थोडा होता, तो पसरून टाकला असता तर कुठेच काही उगवले नसते, आणि विद्यापीठांच्या सभांमधल्या राजकारणात त्यांच्यासारख्याचा जीव गुदमरला असता. हा युक्तिवाद त्या दशकापुरता मला मान्य आहे. मात्र तात्पुरती केलेली ती वाटणी पुढे कायमची रीत होऊन बसली आणि तिच्याकडे कोणी पुन्हा वळून पाहिले नाही.

संस्थेच्या इतिहासातला सगळ्यांत समृद्ध काळ सतीश धवन यांचा, असे मी मानतो. साठच्या दशकाच्या आरंभापासून १९८१ पर्यंत ते संचालक होते. १९७२ मध्ये त्यांनी अवकाश कार्यक्रमाची धुरा घेतली तीही संस्था सोडणार नाही या अटीवर. धवन यांची रीत अशी की आधी माणूस पाहायचा, मग त्याच्यासाठी विभाग. प्रथिनांच्या रचनेचे अभ्यासक जी. एन. रामचंद्रन आले तेव्हा रेण्वीय जैवभौतिकीचा विभाग निघाला. विद्युत्-रसायनाचे नामांकित अभ्यासक अमूल्य रेड्डी यांना खेड्यातल्या चुलीचा आणि बैलगाडीचा प्रश्न विज्ञानाचा वाटू लागला, तेव्हा त्यांना हसण्याऐवजी १९७४ मध्ये ग्रामीण तंत्रज्ञानाचा ‘अस्त्र’ गट उभारू दिला गेला. हार्वर्डहून परतलेले माधव आणि सुलोचना गाडगीळ हे जोडपे आधी पुण्यात होते, १९७३ मध्ये ते बंगळुरूला गेले. एकाचा विषय परिसंस्था आणि दुसरीचा मोसमी पाऊस. संस्थेत या दोन्ही विषयांचा विभागच नव्हता, म्हणून त्यांना सैद्धांतिक अभ्यासाच्या केंद्रात बसवले गेले. पुढे दोन्ही विषयांची स्वतंत्र केंद्रे झाली.

या मोकळिकीतून काय निष्पन्न होते, हे गाडगीळांच्या बांबूच्या कामात फार जवळून दिसते. कर्नाटकातल्या कागद गिरण्यांना बांबू कमी पडू लागला होता आणि त्याचा दोष गुरांना व गावकऱ्यांना दिला जात होता. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचे दाट जाळे असते. गिरणीची आणि वनखात्याची समजूत अशी की या जाळ्याने बेट कोंदते, म्हणून ते साफ करावे म्हणजे वाढ चांगली होईल. उत्तर कन्नड जिल्ह्यातले गावकरी मात्र सांगत होते की काटे काढले म्हणूनच बांबू मेला, कारण त्या काट्यांच्या आडच नवा कोंब गुरांच्या आणि साळिंदरांच्या तोंडापासून वाचतो. गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटांतून हिंडून, कोंब मोजून पाहिले आणि गावकऱ्यांचे म्हणणे खरे निघाले. विज्ञान संस्थेतला प्राध्यापक जंगलात जाऊन शेतकऱ्याचे ऐकतो, ते तपासतो आणि सरकारला तुमचे शास्त्र चुकले म्हणून सांगतो, हे काम कोणत्या क्रमवारीत किती गुण मिळवून देईल हे मला सांगता येणार नाही. संस्थेने ते होऊ दिले, हे तिच्या थोरवीचे लक्षण मला वाटते.

येथे एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिक आहे. दार सगळ्यांसाठी उघडले तर उंबरठाच राहणार नाही, असे म्हणणारे माझे काही सहकारी आहेत. त्यांना मी एवढेच दाखवतो की वर ज्यांची नावे आली, त्यांपैकी कोणासाठीही निकष खाली आणावा लागला नव्हता. कमला भागवत पहिल्या आल्या होत्या. बोर्न यांच्या योग्यतेबद्दल तर बोलायलाच नको. अडथळा आला तो लिंगाचा, वंशाचा किंवा ‘हा विषय आपला नाही’ या हटवादाचा होता, आणि अशा अडथळ्याला गुणवत्तेचे नाव देणे हीच आपली जुनी चूक आहे. ॲना मणी यांनी रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे आणि माणके यांच्यावर काही वर्षे काम करून प्रबंध लिहिला. त्यांच्याकडे एम. एस्‌सी. नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली नाही. त्याच मणी पुढे पुण्याच्या वेधशाळेत आल्या आणि हवामानाची उपकरणे देशातच बनू लागली, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. तिथे उंबरठा कोणाच्या गुणवत्तेचे रक्षण करत होता?

सर्वांत जास्त काळ दाराबाहेर राहिलेला मात्र कोणी एक माणूस नव्हता, तो बारावी झालेला विद्यार्थी होता. १९५८ मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तरी विज्ञानातल्या पदवीचा चार वर्षांचा अभ्यासक्रम तिथे सुरू झाला तो २०११ मध्ये, म्हणजे पहिल्या विद्यार्थ्यांनंतर बरोबर शंभर वर्षांनी. आज वर्षाला शे-सव्वाशे मुले-मुली तो घेतात आणि देशातले उत्तम संशोधक त्यांना पहिल्या वर्षापासून शिकवतात. संस्थेने उशिरा का होईना हे केले, कर्नाटकातल्याच चळ्ळकेरेच्या दुसऱ्या आवारात शाळा-महाविद्यालयांच्या शिक्षकांना प्रयोगांचे प्रशिक्षणही ती देते, याबद्दल मला तिच्याविषयी आदर आहे.

आपल्या पुण्याकडे पाहिले की मन खट्टू होते. पाषाण रस्त्यावर १९५० मध्ये राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळा उघडली, आणि त्याआधी एकच वर्ष जवळच गणेशखिंडीत पुणे विद्यापीठ सुरू झाले होते. दोन्ही शेजारी. पीएच. डी.चे विद्यार्थी या दोन्हींमध्ये ये-जा करतात, पण विद्यापीठाशी जोडलेल्या शेकडो महाविद्यालयांतला बी. एस्‌सी.चा विद्यार्थी त्या प्रयोगशाळेच्या फाटकातून आत गेला असेल तर तो बहुधा विज्ञान दिनाच्या सहलीला. खगोलशास्त्राची ‘आयुका’ ही संस्था १९८८ मध्ये विद्यापीठाच्या आवारातच आली आणि सगळ्या विद्यापीठांसाठी खुली राहिली. विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची ‘आयसर’ ही संस्था २००६ मध्ये आली आणि तिने संशोधन व पदवीचे शिक्षण एका छताखाली आणले. दोन्ही प्रयोग यशस्वी झाले, तरीही त्यांतून घेतलेला धडा असा की अशी आणखी एखादी नवी संस्था काढावी. असलेल्या महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या कायम जागा भराव्यात, राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या प्रत्येक शास्त्रज्ञाने आठवड्यातला एक दिवस एखाद्या जिल्ह्याच्या महाविद्यालयात शिकवावा आणि तिथल्या विद्यार्थ्याला उन्हाळ्यात आपल्या टेबलाशी जागा द्यावी, हे फार कमी खर्चाचे काम आहे. ते होत नाही, कारण तिकडे संशोधन करण्याजोगे विद्यार्थी कुठे आहेत, असा प्रश्न विचारला जातो. हा कर्झन यांचाच प्रश्न आहे, एकशे पंचवीस वर्षांनंतर मराठीत विचारलेला.

मी एका तालुक्याच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे या प्रश्नाला माझ्याकडे एक उत्तर आहे. प्रथम वर्षाच्या प्रॅक्टिकलला आम्ही ऑक्झॅलिक आम्लाचे टायट्रेशन करून घेत असू, म्हणजे ब्युरेट या खुणा केलेल्या काचेच्या नळीतून आम्लात कॉस्टिक सोडा थेंबाथेंबाने सोडायचा आणि रंग बदलेपर्यंत तो किती लागला ते पाहायचे. चार जणांत एक ब्युरेट. उत्तर साधारण १०.२ मिलिलिटर यायला हवे, हे मागच्या वर्षीच्या जर्नलांवरून सगळ्यांना पाठ असे, आणि बहुतेकांचे तेवढेच येई. एका मुलीचे ११.४ आले. तिने पुन्हा केले, पुन्हा ११.४. मी म्हणालो, रंग उशिरा पाहिलास. ती म्हणाली, “सर, सोड्याची बाटली गेल्या वर्षीची आहे. तिचे बूच सैल आहे. आत काही बदलले असेल का?” बदलले होतेच. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून द्रावण कमजोर झाले होते, म्हणून ते जास्त लागत होते. इतरांनी जर्नल पाहून आकडा लिहिला होता आणि या मुलीने ब्युरेट पाहून. त्या खोलीत त्या दिवशी संशोधन एवढेच झाले होते आणि ते तिने केले होते. बाहेर दुसरी बॅच उभी होती, नवे द्रावण करायला वेळ नव्हता आणि परीक्षकाला चालेल असा आकडा हवा होता. तिने माझ्या सांगण्यावरून १०.२ लिहिले आणि मी खाली सही केली.